समास कापलेला नकाशा

रेवा, निहार,

रविवारी फोनवर रेवाने सांगितलं, शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी तिने भूगोल घेतला. मी नुसतं "छान" म्हणाले आणि फोन आईला द्यायला सांगितला. तुम्हाला वाटलं असेल, आजीला आवडलं नाही. तसं नव्हतं. त्याच आठवड्यात इथे नाशिकला देवरे सर वारले होते, आणि त्या दिवशी भूगोल हा शब्द मला ऐकवला नाही. आता जरा सावरले आहे, म्हणून लिहिते. कुठे अडलात तर आईला विचारा.

देवरे सर आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला भूगोल शिकवत. मी इंग्रजी शिकवायचे आणि शेवटची काही वर्षं पर्यवेक्षिका होते. म्हणजे याद्या, वेळापत्रकं, परीक्षेची पाकिटं माझ्याकडे. सर सटाण्याकडचे. उंच, चालताना थोडे पुढे वाकलेले, सतत काहीतरी शोधत असल्यासारखे. वर्गात शुद्ध बोलत, पण रागावले किंवा विरघळले की अहिराणीवर येत. एखादी मुलगी रडवेली दिसली की "काय व्हयनं?", म्हणजे काय झालं, असं इतक्या हळू विचारत की ती हमखास रडायलाच लागे.

डावं-उजवं त्यांना मान्य नव्हतं. ते म्हणत, डावं-उजवं माणूस वळला की बदलतं, दिशा बदलत नाही. आमचा शिपाई काशिनाथ, त्याला ते सांगत, "काशिनाथ, चहा मॅडमच्या ईशान्येला ठेव."

काशिनाथ वर न बघता म्हणायचा, "ईशान्येला वह्यांचा ढीग हाय सर. आग्नेयेला चालंल का?"

स्टाफरूममधल्या आम्हा पदवीधरांना आग्नेय कुठे ते क्षणभर आठवावं लागे. काशिनाथला लागत नसे.

त्यांच्या खांद्याला नेहमी एक पांढरा प्लास्टिकचा पाइप असायचा, नळाच्या कामाचा, दोन्ही टोकांना झाकणं, सुतळीचा पट्टा. आत गुंडाळलेले नकाशे. सर्वेक्षण खात्याचे हे मोठे नकाशे, भूगोलवाले त्यांना टोपोशीट म्हणतात. त्यात डोंगराची उंची तपकिरी रेषांनी दाखवलेली असते, विहीर, देऊळ, पायवाट, सगळ्याला खुणा असतात. पाइप सरांच्या घरी नळ बदलले तेव्हा उरलेला तुकडा होता आणि नकाशांना तो चार बोटं आखूड पडला. सरांनी मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून सगळ्या नकाशांच्या कडा पट्टी लावून ब्लेडने कापल्या. मला दाखवलंही होतं, किती सरळ कापल्यात ते. मी कौतुक केलं होतं. मला नीटनेटकं काम आवडतं, तुम्हाला माहीत आहे.

शिकवायचे कसे, ते एका प्रसंगावरून सांगते. बारावीच्या क्षेत्रभेटीला मी एकदा मुलींबरोबर गेले होते. दुपारी झाडाखाली पंगत बसली. एका मुलाने भाताच्या ढिगावर आमटी ओतायला वाटी उचलली तेवढ्यात सर ओरडले, "थांब! कुठून वाहील ते आधी सांग."

मुलगा ताटाकडे बघतच राहिला. "सर, भूक लागली."

"डोंगराला पण लागते. पाणलोट कुठे तुझा?"

त्याने बोटाने भातावर एक कड दाखवली. सर म्हणाले, ओत. आमटी भलतीकडूनच वाहत शेजारच्या लोणच्यात गेली. सगळी पंगत हसली. मग चाळीस मुलं आपापल्या भाताला घळ, खिंड, पठार करत बसली आणि जेवण थंड झालं. त्या वर्षी समोच्च रेषांच्या, म्हणजे त्या तपकिरी रेषांच्या, प्रश्नात एकही मूल अडलं नाही.

एका गोष्टीची मात्र त्यांना मनस्वी चीड होती. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाची एक वही असते, तिला जर्नल म्हणतात. वर्षभरातले नकाशे त्यात काढायचे, सरांनी शेवटी "प्रमाणित" म्हणून सही करायची. सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. मुलं काय करत, मागच्या वर्षीच्या मुलाची वही मिळवत, दोन स्टुलांवर खिडकीची काच ठेवून खाली टॉर्च लावत, आणि नकाशा गिरवून मोकळी होत. सर पान उलटं करून मागून बोट फिरवत आणि ओळखत. गिरवलेली रेघ सगळीकडे सारखी दाबलेली असते म्हणायचे. "डोंगर काढताना हात जरा थरथरला पाहिजे. ज्याचा थरथरत नाही त्याने दुकान काढावं." आणि हे झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य: "नकाशा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ काय, हे कधी मनात आलंच नाही.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी बारावीला हिरा नावाची मुलगी होती. हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहायची. घरची थोडी भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती, आणि दिवाळीनंतर सगळं घर द्राक्षाच्या बागांत मजुरीला उतरायचं. ती एकटी मागे राहून शिकत होती. बारीक, बसकी, वर्गात फारसं बोलायची नाही. माझ्या इंग्रजीत जेमतेम. भूगोलात पहिल्या तिघांत. तिच्या वहीवरून सर बोट फिरवायचे नाहीत. म्हणायचे, ही माझी मुलगी गिरवणाऱ्यांतली नाही.

त्या वर्षी शेवटचा नकाशा आपापल्या गावाचा होता. टोपोशीटवरचा आपल्या गावाचा चौकोन मोठा करून काढायचा. हिराने काढला, आणि सरांनी तो शीटशेजारी ठेवला. शीटवर तिचा पाडा ओढ्याच्या काठावर होता, भोवती शेती. हिराच्या नकाशात पाडा वर डोंगराच्या उतारावर, आणि खाली ओढ्याच्या जागी मोठा निळा डाग.

मी तेव्हा त्या वर्गात हजेरीचा तक्ता घ्यायला गेले होते. पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"हे काय? गाव डोंगरावर चढवलंस?"

"वरच हाय सर गाव."

"आणि हे निळं?"

"तळं हाय."

"शीटवर तळं आहे का? बघ. दाखव मला कुठे आहे."

हिराने बघितलं. "यात नाय. पण हाय."

"म्हणजे सर्वेक्षण करणारी माणसं झोपली होती, आणि तू एकटी जागी."

वर्ग हसला. मीही हसले असेन. हिरा वहीकडे बघत उभी राहिली. सरांनी लाल शाईने "पुन्हा काढा" लिहिलं आणि म्हणाले, शीटप्रमाणे काढून आण, सही करतो, चार दिवस आहेत.

तेव्हा ती म्हणाली, "सर, पाण्यात घर कसं काढू?"

सरांना तो उद्धटपणा वाटला. मलाही वाटला, हे मी लपवत नाही.

ती शनिवारी घरी गेली आणि मंगळवारी नवीन नकाशा घेऊन आली. पुन्हा तोच, फक्त जास्त स्वच्छ. पुन्हा निळं पाणी, पुन्हा गाव वर. सरांनी एक नजर टाकली आणि वही कपाटात ठेवून दिली. त्यांच्या मते, ज्या मुलीवर त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास होता तिने आळस केला होता आणि वर हट्ट. इतर कोणी असतं तर कदाचित सही करूनही टाकली असती. तिच्यावर जीव होता, म्हणून केली नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तिची जागा रिकामी होती. बाहेरचे परीक्षक थांबायला तयार नव्हते. तिच्या नावापुढे "गैरहजर" मी लिहिलं आणि पाकीट मी बंद केलं. वसतिगृहातून कळलं की ती सामान घेऊन गेली, आई-बापाबरोबर बागेच्या कामाला. लेखी परीक्षेलाही आली नाही.

मे महिन्यात सर हरसूलला गेले. तिला रागवायला गेले की आणायला, त्यांनाही माहीत नसावं. हरसूलपासून जीप, मग पायी. हातात शीट उघडून, वाट जुळवत, बरोबर त्या जागी पोचले जिथे शीटवर पाडा होता. समोर पाणी. काठावर एक बाई कपडे धूत होती. तिला विचारलं, गाव कुठे? तिने ओल्या हाताने आधी वर उतारावर दाखवलं, मग पाण्याकडे. "पूर्वी तठं होतं. बांध घातला तवा वर आलो. आमची सासू सांगती."

त्या दुपारी ते परस्पर माझ्याकडे आले. मी दार उघडलं तर उंबऱ्याशी उभे, चपला लाल धुळीने भरलेल्या.

"मॅडम, तळं आहे," म्हणाले. बसलेही नाहीत.

रेवा, तू विचारशील, उपग्रहाचं चित्र का नाही पाहिलं? आमच्याकडे एका खोलीत संगणक होते आणि खोली कुलपात असायची. पण ते खरं कारण नाही. सरांना शंकाच आली नव्हती, आणि शंका आल्याशिवाय कोण शोधतं? खरं कारण सरांनी स्वतः मला नंतर सांगितलं. टोपोशीटच्या भोवती पांढरा समास असतो. त्यात प्रमाण, खुणा आणि मुख्य म्हणजे सर्वेक्षण कोणत्या वर्षी झालं ते छापलेलं असतं. अकरावीच्या पहिल्या तासाला सर फळ्यावर लिहायचे, "आधी समास वाचा, मग नकाशा." आणि पाइपात बसावेत म्हणून त्यांनी स्वतःच समास कापून टाकले होते. त्यांनी त्याच शीटची दुसरी प्रत मागवली. छपाई अलीकडची होती, सर्वेक्षण बांधाच्या कितीतरी आधीचं.

जूनमध्ये कपाटातून तिची वही काढली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या नकाशात बांधाच्या रेघेवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, इतकी पावलं. तळ्याच्या काठाने वळणावळणाला आकडे होते. त्या शनिवार-रविवारी ती पोर सगळं तळं पावलांनी मोजून आली होती. साधनं नसतील तर पावलांनी मोजावं, हे सरांनीच शिकवलं होतं. वर्गात कोणी ते खरोखर कधी केलं नव्हतं. सरांनी ती वही माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि त्या पानावरून हात फिरवत राहिले. काशिनाथने चहा आणला आणि कुठे ठेवू ते विचारलं नाही.

नकाशा खोटं बोलत नाही, हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

हिराचं त्याच वैशाखात लग्न झालं होतं, पेठकडच्या गावात. सरांनी पत्ता काढला. दिवाळीनंतर बारावीचे परीक्षेचे फॉर्म निघतात. त्या वर्षी सर फॉर्म घेऊन तिच्या सासरी गेले. तिला म्हणाले, परीक्षेला पुन्हा बस, सगळं मी करतो, तू फक्त सही कर. ती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू सर. पुढच्या वर्षी तिला मूल झालं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी सासू आजारी. सर निवृत्त झाले, त्यांची बायको गेली, मुलगा बंगळुरूला गेला. दिवाळीनंतरची ती एक खेप चुकली नाही. दर वेळी ते तिला म्हणत, चूक माझी होती, आणि दर वेळी ती म्हणे, जाऊ द्या सर, त्यात काय एवढं. परत आले की मला सांगत, "या वर्षी नाही म्हणाली. पण तोंडावर नाही म्हणाली नाही." त्या दोन नाहींमधल्या फटीत ते वर्षभर राहत असावेत.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीनंतर त्यांना एकट्याने प्रवास झेपेना. दम लागायचा. मी बरोबर गेले.

हिराचं घर स्वच्छ, शेणाने सारवलेलं. अंगणात नागली वाळत घातलेली, सासू राखण करत बसलेली. हिरा आता तिशीची, भरलेली, आवाज मोठा झालेला. मला तिने लगेच ओळखलं.

"मॅडम, तुमचे केस किती पिकले!"

"तुझा आवाज कुठून आला गं?"

"बकऱ्या पाळल्या का येतो."

आम्ही बसलो. सरांनी पिशवीतून फॉर्म काढून पुढे केला. तिने हात पुढे केला नाही.

"सर, एक बोलू? रागावू नका."

"बोल ना."

"तुम्ही दरसाल येता. तुम्ही गेल्यावर चार दिवस आमच्याकडं धुसफूस चालती. इथं अंगणवाडीची जागा निघाली होती, बारावी लागत होती. ती शेजारच्या पाड्यावरच्या बाईला मिळाली. तुमचा कागद बघितला का मालकांना ते आठवतं. मग सासूबाई म्हणतात, अर्धवट शिकवलं तरी कशाला. मग मी बोलत नाय कोणाशी."

सासूने नागलीवरचा हात थांबवला, मग पुन्हा फिरवू लागली.

"म्हणून तर म्हणतो," सर पुढे सरकले, "अजून वेळ गेलेली नाही. एकदा पास झालीस की..."

"गेली सर. जागा भरली. वय बी गेलं त्याचं." ती शांतपणे बोलत होती, मुलाला समजवावं तसं. "आता पास होऊन कोणाला दाखवू? तुम्हालाच ना?"

फॉर्मची घडी सरांनी आधीच्याच घडीवर घातली, मग पुन्हा उलगडली.

"मी चुकलो, हिरा," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ती म्हणेल जाऊ द्या. ती म्हणाली नाही. पदराला हात पुसून ती त्यांच्यासमोर नीट खाली बसली.

"हो सर. चुकला तुम्ही. दोनदा आणला होता मी. दोन्ही वेळेला तुम्ही बघितला नाय."

"हो."

"आईला बागेवरून दोन दिवस गावी नेलं, बांधावर उभी करून पावलं मोजली होती. आई म्हणत होती, कशाला एवढं? मी म्हटलं, आमच्या सरांना पावलं दिसली का पटंल."

"हो," सर म्हणाले.

"मॅडम पण होत्या," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. मी हो म्हटलं.

"आता येऊ नका सर. तुम्ही आला का मला परत बारावीत बसवता. मी निघालेय तिथून." मग उठली. "चहा मात्र घेऊन जा. दूध टाकलंय."

आम्ही चहा घेतला. सासूने मला विचारलं, मुलं किती, नातवंडं किती, कुठं असतात. मी सांगितलं, फार लांब. "मग भाकरी कोण करून घालतं?" तिने विचारलं. सरांनी कपातला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला. निघताना हिरा पाया पडायला वाकली तर त्यांनी पाय मागे घेतले. "ते नको, पोरी," म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला तोही मध्येच मागे घेतला.

परतीच्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. सरांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. शेजारच्या म्हातारीने आपली पिशवी मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली आणि मला हळूच विचारलं, "मयत झाली का कोणाची?" मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. ते गेल्याचं मी हिराला कळवलेलं नाही. फोन नंबर आहे. पण येऊ नका म्हणाली होती, आणि त्यांच्या जाण्याची बातमी म्हणजे पुन्हा त्यांनीच तिच्या दारात जाऊन उभं राहणं नव्हे का? मला ठरवता येत नाही. तुम्हाला काय वाटतं, ते रविवारी सांगा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या दिवाळीनंतर. पुण्याच्या गाडीची चौकशी करायला मी सकाळी दहाच्या सुमारास सीबीएसवर, इथल्या मुख्य बस स्थानकावर, गेले होते. एका खांबाला टेकून देवरे सर उभे होते. हात मोकळे, ना पिशवी, ना पाइप. स्वेटर उलटा घातलेला. खूप वाळले होते.

"सर, कुठे निघालात?"

"कुठे नाही, मॅडम." ते हसले. "तिने येऊ नका सांगितलंय. गाडीला जागा मिळते का लोकांना, एवढंच बघायला आलो."

समोर पेठची एसटी लागली होती, दर वर्षीची त्यांची गाडी. लोक चढत होते, एका बाईचं गाठोडं दारात अडकलं होतं, वाहक ओरडत होता. सर सगळं लक्ष देऊन बघत होते. मी म्हटलं, चला, रिक्षाने सोडते. ते म्हणाले, सुटू दे.

गाडी मागे आली, वळली आणि फाटकाकडे निघाली. सरांनी हात अर्धा वर केला. खिडक्यांतली माणसं आपापलं सामान लावत होती. त्यांतलं कोणीच त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

तुमची,
आजी